पाण्यावरचं बिऱ्हाड

कालवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शेताला पाणी देणारा कालवा उभा राहतो. धरणातून पाणी सुटतं, चाऱ्यांनी शिवारात फिरतं, आणि आपली पाळी आली की आपण फावडं घेऊन बांधावर जातो. पण कालव्याचा आणखी एक उपयोग आहे. कालव्यातून बोटी चालतात. इंग्लंड देशात असे कालवे पुष्कळ आहेत. त्यांतलं पाणी शेतीसाठी नसतं. ते तळ्यातल्या पाण्यासारखं जवळजवळ स्थिर असतं. त्या पाण्यावरून पूर्वी कोळसा, धान्य, विटा असा माल जाई. माल नेणारी माणसं बायकामुलांसह बोटीतच राहत. माल आता ट्रकनं जातो, पण बोटीत राहणारी माणसं अजून आहेत.

हे मला का सुचलं ते सांगतो. माझ्या थोरल्या भावाची मुलगी नर्स आहे. ती नवऱ्याबरोबर इंग्लंडात असते. तीन वर्षांपूर्वी दोघांनी भाड्याचं घर सोडलं, एक जुनी बोट विकत घेतली आणि तिच्यात संसार मांडला. फोनवर ही बातमी आली तेव्हा आमच्या वहिनी दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. "भाऊजी, पोरीला घर उरलं नाही हो," एवढंच म्हणत राहिल्या. गावात कुणाला सांगायचीही चोरी. मुलगी विलायतेत होडीत राहते म्हटल्यावर लोक काय म्हणतील! शेवटी गेल्या वर्षी मे महिन्यात वहिनी स्वतः तिकडे गेल्या आणि महिनाभर बोटीत राहून आल्या. काही त्यांनी सांगितलेलं आणि काही मी पुस्तकांत वाचलेलं, असं मिळून हे लिहितो आहे.

आधी जुनी हकिकत.

सन १७६१ मध्ये वर्स्ली या गावच्या कोळशाच्या खाणीपासून मँचेस्टर शहराकडे जाणारा कालवा सुरू झाला. खाण ब्रिजवॉटरच्या ड्यूकची, म्हणजे एका बड्या जमीनदाराची होती. कालव्याचं काम पाहणारा कारागीर जेम्स ब्रिंडली. हा मूळचा गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करणारा. त्याला लिहिणं-वाचणं जेमतेमच येत होतं. मोठमोठे हिशेब तो मनातल्या मनात करी. कालवा झाला आणि मँचेस्टरात कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला.

भाव एवढा का उतरला? बैलगाडीत आपण टनभर माल घालतो, तोही रस्ता बरा असेल तर. पण तरंगणारी बोट ओढायला जोर फार कमी लागतो. कालव्याच्या काठानं पायवाट असे. तिच्यावरून चालणारा एकच घोडा दोरानं २५ टन मालाची बोट ओढून नेई. मग काय, देशभर कालवे खोदले गेले.

या बोटी साधारण ७० फूट लांब आणि अवघ्या ७ फूट रुंद. दुरून पाहिलं तर लांबलचक पेटीच. इतक्या अरुंद असण्याचं कारण असं की कालव्यात जागोजाग पाण्याची फाटकं असतात, आणि पुष्कळ ठिकाणी ती ७ फुटांचीच बांधलेली होती. रुंद बांधायची तर खर्च जास्त आणि पाणीही जास्त. या फाटकांना लॉक म्हणतात. त्यांची गंमत पुढे सांगतो.

१८३० नंतर रेल्वेचा जोर वाढला. रेल्वे बोटीपेक्षा वेगानं माल नेई. बोटवाल्यांचे दर पडले, मिळकत आटली. हाताखाली गडी ठेवणं परवडेना. तेव्हा बोटवाल्यांनी गावातलं भाड्याचं घर सोडलं आणि बायकामुलांना बोटीवर आणलं. घरभाडं वाचलं, गड्याचा पगारही वाचला. बायको सुकाणू धरी, पोरगं घोड्यामागं चाले. पुढेपुढे कित्येक कुटुंबांत जन्म, लग्न आणि मरण बोटीवरच होऊ लागलं.

बोट सगळी मालानं भरलेली. राहायला मागच्या टोकाला एक खोली. लांबी सुमारे १० फूट, रुंदी ७ फुटांहून थोडी कमीच. तेवढ्यात नवरा, बायको आणि पोरं. दारातून खाली उतरलं की डाव्या हाताला कोळशाची लोखंडी शेगडी. शेजारी एक कपाट. त्याचं दार खाली पाडलं की जेवायचं टेबल तयार. समोर एक बाक, त्यावर रात्री मूल झोपे. मागच्या भिंतीशी आडवा पलंग, तोही दिवसा घडी घालून कपाटात जाई. एक इंच जागा वाया नाही. पण एवढ्याशा खोलीतही त्या बायांनी शोभा आणली होती. दारांवर गुलाबाची फुलं आणि किल्ले रंगवलेले. पिण्याचं पाणी ठेवायचा डबासुद्धा रंगवलेला. भिंतीवर नक्षीच्या बश्या टांगलेल्या, फळ्यांना हातानं विणलेली झालर, आणि शेगडीजवळच्या पितळी वस्तू घासून लख्ख केलेल्या. आपल्याकडे सारवलेल्या अंगणावरून बाई ओळखतात, तसं तिकडे पितळेवरून.

दिवस पहाटे सुरू होई. शेगडी पेटवायची, चहा टाकायचा, घोड्याला दाणा घालायचा आणि निघायचं. जेवण चालत्या बोटीवर. खेपेचे पैसे मिळत, दिवसाचे नाहीत. म्हणून थांबणं म्हणजे नुकसान. धुणं मात्र माल भरण्याची वाट पाहत थांबलेलं असताना काठावर पिंप मांडून उरकायचं. रांगतं मूल पाण्यात पडू नये म्हणून त्याला खोलीच्या टपावर दोरीनं बांधून ठेवत. ऐकायला वाईट वाटतं. पण आपल्या आयाही मुलाला झाडाच्या झोळीत घालून खुरपायला जातात. हात कामात असले म्हणजे आई दुसरं काय करणार?

पुढे इंजिनं आली, घोडे गेले. इंजिनाची बोट पुढे आणि तिच्यामागे बिनइंजिनाची दुसरी, अशी जोडी चाले. पुढच्या बोटीवर नवरा, मागच्या बोटीवर बायको. दिवसभर दोघांत बोलणं ते हातवाऱ्यांनी.

आता मुद्द्याचं. अशा फिरत्या बिऱ्हाडाकडे पाहुणे कसे यायचे? घरच एका जागी नाही. लेक सासरी गेली, म्हणजे दुसऱ्या बोटीवर गेली. कारण बोटवाल्यांची लग्नं बहुतेक बोटवाल्यांतच होत. आई एका कालव्यावर, लेक दुसऱ्यावर. कधी समोरासमोरून दोघींच्या बोटी आल्या तर तेवढ्यापुरती भेट. एक बोट इकडून, एक तिकडून. सुकाणूचा दांडा हातात धरूनच ओरडून विचारायचं, "पोर बरं आहे का? बाबांचा खोकला कसा आहे?" उत्तर अर्धवट ऐकू येई, तोवर बोटी पुढे गेलेल्या. पुन्हा भेट महिन्यानं की वर्षानं, कोण सांगणार?

बरी भेट व्हायची ती माल मिळेपर्यंत बोटी थांबत त्या ठिकाणी. कॉव्हेंट्री शहराजवळ दोन कालव्यांचा सांधा आहे. बोटवाले त्याला सटन स्टॉप म्हणत. तिथे कोळशाच्या खेपेची वाट पाहत बोटी रांगेनं उभ्या असत. बापे गुत्त्यात, बायका या बोटीवरून त्या बोटीवर. बाळंतीण असेल तिथे जायचं, कुणाचं दुःख असेल तिथे बसायचं. ब्राउन्स्टन नावाचं गाव असंच. तिथल्या चर्चमध्ये बोटवाल्यांची लग्नं लागत, आणि आवारात कित्येक बोटवाल्यांना मूठमाती दिलेली आहे. चालतं बिऱ्हाड शेवटी तिथेच थांबे.

आणखी एक रीत होती. एखाद्या बोटीवर माणसं जास्त आणि दुसरीवर हात कमी, तर मूल उसनं देत. दहा-बारा वर्षांची मुलगी आत्याच्या नाहीतर आजीच्या बोटीवर कामाला जाई आणि तिथेच वाढे.

पत्रं पाठवावीत तर वाचणार कोण? बोटीवरच्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. शाळेत जायचं कधी? बोट आज या गावी, उद्या त्या गावी. माल उतरवायला दोन दिवस लागले तर दोन दिवस शाळा. त्या वर्गात ना ओळख, ना पुस्तक. मास्तर मागच्या बाकावर बसवी, आणि मूल तिसऱ्या दिवशी निघून जाई. मी मास्तरकी केली आहे, त्यामुळे हे मला फार जवळचं वाटतं. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की माझ्या शाळेतली कितीतरी मुलं आईबापांबरोबर कारखान्याकडे जात. उन्हाळ्यात परत आली की त्यांना पाटीवर स्वतःचं नावही चाचपडत काढावं लागे. पोरं बुद्धीनं कमी नव्हती. बोटवालेही नव्हते. शेकडो मैलांचा कालवा, त्यातली वळणं, पूल आणि लॉक त्यांना तोंडपाठ असत. कुठं गाळ आहे, कुठं वारा आडवा येतो, सगळं ठाऊक. पण मुलीचं पत्र आलं की ते घेऊन लॉकवरच्या नोकराकडे नाहीतर दुकानदाराकडे जावं लागे. आईनं लेकीला लिहायचं ते मनातलं बोलणंही परक्या माणसासमोर उभं राहून सांगायचं, आणि तो लिहील तेवढंच जायचं.

या मुलांसाठी ओरड करणारा एक माणूस होता. जॉर्ज स्मिथ त्याचं नाव. स्वतः लहानपणी वीटभट्टीवर राबलेला. त्याच्या खटपटीनं १८७७ साली कायदा झाला. राहत्या बोटींची नोंद करायची आणि खोलीत किती माणसांनी झोपायचं ते जागेवरून ठरवायचं, असा तो कायदा. १८८४ साली त्यात सुधारणा झाली आणि मुलांच्या शिक्षणाकडेही लक्ष द्यायचं ठरलं. मात्र स्मिथ बोटवाल्यांना सरसकट घाणेरडे आणि दारुडे म्हणे, ते त्यांना झोंबलं. ज्यांच्या भल्यासाठी झटायचं त्यांना शिव्या कशाला द्याव्या? पुढे १९३० साली लंडनजवळ वेस्ट ड्रेटन इथे एका बोटीतच शाळा काढली. बोटीचं नाव एल्सडेल. शाळा तरंगती असली तरी एका जागी बांधलेली होती. त्यामुळे मुलांची अडचण थोडी कमी झाली, सुटली नाही.

माल वाहण्याचा धंदा मात्र टिकला नाही. मोटारट्रक वाढले. १९६२ च्या डिसेंबरअखेर भयंकर थंडी पडली, आणि कालवे गोठले ते पार मार्च १९६३ उजाडेपर्यंत. बर्फात बोटी जागच्या जागी अडकल्या. ज्यांना कोळसा हवा होता त्यांनी ट्रक धरले आणि ते पुन्हा बोटींकडे फारसे वळलेच नाहीत. लंडनजवळच्या एका जॅमच्या कारखान्याला बोटींनी कोळसा जाई. लांब पल्ल्याच्या ठरलेल्या खेपांपैकी ती शेवटची. १९७० साली तीही बंद झाली. बोटवाली कुटुंबं हळूहळू जमिनीवरच्या घरांत राहायला गेली.

मग आमची पुतणी कुठून आली बोटीत? तर कालवे बुजवू नयेत म्हणून पुष्कळ लोकांनी खटपट केली. मालाऐवजी हौशी लोक सहलीला येऊ लागले. आणि गेल्या काही वर्षांत घरांची भाडी आणि किमती इतक्या वाढल्या की नोकरी करणारी साधी माणसंही बोटीत राहायला लागली. इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे २,००० मैलांच्या जलमार्गांची देखभाल २०१२ पासून एक न्यास करतो. त्याच्या नोंदीत ३५,००० च्या आसपास बोटी आहेत. सगळ्यांत माणसं कायमची राहत नाहीत, पण हजारो जण राहतात.

जिला ठरलेला धक्का नाही तिला फिरत राहावं लागतं. १९९५ च्या कायद्यानं तिला एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. काही जागी मुदत याहूनही कमी असते. म्हणजे दर पंधरवड्याला घर हलवायचं. शिवाय बोटीचा परवाना, विमा, ठराविक मुदतीनं तपासणी. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून बुडाला डांबरासारखा काळा रंग द्यायचा, नाहीतर पोलाद गंजतं. स्वस्त म्हणून गेलेल्यांना हे खर्च मागाहून कळतात. पत्त्याचाही घोळ आहेच. बँक पत्ता विचारते, दवाखाना विचारतो. पुतणीचं टपाल तिच्या एका मैत्रिणीच्या घरी येतं.

आता वहिनींची गोष्ट. जाण्याआधी मुलीनं फोनवर बजावलं होतं, "आई, पेटी आणू नकोस. मऊ पिशवी आण." कारण टणक पेटी ठेवायला बोटीत जागाच नाही. पिशवी रिकामी झाली की घडी करून पलंगाखाली जाते. वहिनींनी भाकरीचं पीठ, चटणी आणि शेंगदाणे असं पिशवीत भरून नेलं. बोट मिल्टन कीन्स नावाच्या शहराच्या कडेला ग्रँड युनियन कालव्यावर उभी होती. जावईबापूंनी गाडीतून उतरवलं आणि सांगितलं, "आई, आपला पत्ता लक्षात ठेवा. पूल नंबर ७८." या कालव्यांवर जुन्या पुलांना क्रमांक दिलेले आहेत आणि ते पुलावर लिहिलेले असतात. बोटवाल्याला पत्ता विचारला तर तो अमक्या-तमक्या पुलांच्या मध्ये असं सांगतो. वहिनींची शाळा तिसरीपर्यंत. इंग्रजी वाचता येत नाही, पण मोबाईलवर नंबर लावून लावून इंग्रजी आकडे त्यांना पाठ झालेले.

बोटीची लांबी ५७ फूट. आत गेल्यावर वहिनींना वाटलं, आपण एस. टी. च्या गाडीत शिरलो. एका टोकाला बसायची जागा आणि शेगडी, मग स्वयंपाक, मग न्हाणी, मग पलंग. दोघं समोरासमोर आली की एकानं वळून मागं सरायचं. रात्री वहिनींना पलंग दिला. मुलगी आणि जावई बसायच्या जागी झोपले. तिथलं टेबल खाली उतरवून गाद्या मांडल्या की अंथरूण होतं. पहिल्या रात्री वहिनींना झोप लागली नाही. शेजारून दुसरी बोट गेली की आपली हलते. दोर ताणल्याचा आवाज येतो. "पाळण्यात निजवल्यासारखं वाटतं म्हणतात लोक," वहिनी मला म्हणाल्या, "मला तर तिरडीवर ठेवल्यागत वाटलं." चार दिवसांनी त्याच बोटीत त्या घोरू लागल्या, असं जावई सांगतात.

पाण्याची खरी गंमत. बाहेर सगळीकडे पाणी, पण ते पिण्याचं नाही. पिण्याचं पाणी बोटीतल्या टाकीत. टाकी संपली की पाण्याच्या नळापर्यंत बोट न्यायची आणि रबरी नळीनं भरायची. त्याला तासभर सहज जातो. पाहुणे आले की टाकी लवकर रिकामी होते, ही तिकडच्या बोटवाल्यांची नेहमीची तक्रार. शहरातला माणूस नळ सोडून दात घासत बसतो. पण आमच्या वहिनी दुष्काळी गावच्या. टँकरच्या पाण्यावर ज्यांनी चार लेकरं वाढवली त्यांना हिशेब कोण शिकवणार? अर्ध्या बादलीत अंघोळ, त्याच पाण्यात फडकं, भांडी आधी कागदानं पुसून मग धुवायची. आठ दिवसांनी टाकीचा काटा पाहून जावई चकित झाले. "आई आल्यापासून पाणी वाढलं की काय?"

संडासाचं तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. कालव्यात काही सोडत नाहीत. खाली डबा असतो. तो भरला की काढून, ठरलेल्या जागी नेऊन ओतायचा आणि धुऊन आणायचा. हे काम जावई करत. सासूचा संडास जावयानं साफ करायचा, याची वहिनींना इतकी लाज वाटली की पहिले दोन दिवस त्यांनी जेवणच कमी केलं. तिसऱ्या दिवशी जावयांनीच ओळखलं. म्हणाले, "आई, इथं जो रिकामा असेल तो करतो. तुमची मुलगीही करते." मग वहिनी पोटभर जेवल्या.

वीज टपावरच्या सोलरच्या तक्त्यांतून येते, नाहीतर इंजिन चालवून बॅटऱ्या भरायच्या. थंडीत ऊन नसतं, तेव्हा जपून वापरावी लागते. ऊब कोळशाच्या शेगडीची. बंद खोलीत कोळसा जळताना एक विषारी वायू होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच दगावतो. म्हणून राहत्या बोटीत या वायूची सूचना देणारी भोंग्याची पेटी २०१९ पासून सक्तीची केली आहे. वहिनींनी भाकरी भाजताना तवा फार तापवला आणि तो भोंगा वाजला. खरं तर तो दुसरा, धुराचा भोंगा होता. पण त्यांनी हातातली भाकरी टाकून बाहेर धाव घेतली, आणि शेजारच्या बोटीवरचा म्हातारा बादली घेऊन पळत आला. त्याला नंतर चटणी-भाकरी दिली. त्यानं पाणी पीत पीत संपवली.

तिसऱ्या दिवशीचा प्रसंग मात्र हसण्याचा नव्हता. सकाळी चहा घेऊन वहिनी काठानं फिरायला गेल्या. मुलगी कामावर गेलेली. फोन बोटीतच राहिला. तासाभरानं परत येऊन पाहतात तर घर नाही! जिथे बोट होती तिथे नुसतं पाणी. पुढेमागे चार बोटी, पण आपली नाही. भाषा येत नाही. त्या म्हणतात, "भाऊजी, जत्रेत पोर हरवतं ना, तसं झालं मला. फक्त पोर मीच होते." जरा वेळानं त्यांना आठवलं, मुलीनं सांगितलं होतं, चुकलीस तर पुलाशी थांब. त्या एकेक पूल बघत निघाल्या. पहिल्यावर ७७ होता. परत फिरल्या. पुढच्यावर ७८. तिथे पुलाखाली भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. अर्ध्या तासानं जावई धावत आले. सासूबाई परतायच्या आत येऊ म्हणून ते बोट घेऊन नळावर गेले होते, पण तिथे आधीच रांग होती. आणि ५७ फुटांची बोट वाटेल तिथे मागं फिरवता येत नाही. त्यासाठी कालव्यात ठराविक ठिकाणी रुंद जागा केलेल्या असतात. म्हणून बोट तिथेच बांधून बिचारे पायी पळत आले. संध्याकाळी मुलीनं नवऱ्याला चांगलंच फैलावर घेतलं.

पुढच्या आठवड्यात मुलीनं रजा काढली आणि बोट उत्तरेकडे नेली. वेग माणसाच्या चालीचा. वाटेत एका ठिकाणी खाली नदी आणि वरून कालवा. लोखंडी पन्हाळीतून बोट नदीवरून जाते. १८११ साली बांधलेली ही पन्हाळ कॉसग्रोव्ह गावाजवळ आहे. एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला कठडाच नाही. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

मग स्टोक ब्रुअर्न गावचा चढ आला. इथे ७ लॉक आहेत. लॉक म्हणजे पाण्याची पायरी समजा. दोन दारांमध्ये एक खोल हौद. बोट खालून आली की हौदातलं पाणी खालच्या पातळीला आणतात, खालचं दार उघडतात आणि बोट आत घेतात. दार लावलं की वरच्या बाजूच्या झडपा उघडायच्या. वरचं पाणी हौदात शिरतं आणि पाण्याबरोबर बोट वर उचलली जाते. पाणी वरच्या कालव्याइतकं झालं की वरचं दार उघडायचं आणि पुढे जायचं. ना इंजिनाचा जोर, ना यारी. झडपा उघडायला वाकडी लोखंडी किल्ली असते. दाराला लांब लाकडी दांडा असतो, त्याला पाठ लावून रेटायचं. पाणी दोन्हीकडे सारखं होईपर्यंत दार हत्तीनंसुद्धा हलत नाही, आणि सारखं झालं की म्हाताऱ्या बाईनंही हलतं. आमच्या वहिनींनी हलवलं. "मोटेची सवय होती," त्या म्हणाल्या. पाहुणा आला की त्याला लॉकवर कामाला लावायचं, ही तिकडची रीतच आहे.

वर गेल्यावर त्या गावात कालव्याचं संग्रहालय आहे. जुन्या गिरणीच्या इमारतीत १९६३ साली उघडलं. याच गावात सिस्टर मेरी वॉर्ड नावाची परिचारिका राहत असे. लॉकजवळच तिचं घर. बोटवाल्यांची दुखणी-बाळंतपणं ती वर्षानुवर्षं पाहत असे. पुतणी स्वतः नर्स, तिनं आईला हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. जुन्या बोटीची खोलीही वहिनींनी तिथे पाहिली. शेगडी, पाडायचं टेबल, रंगवलेला डबा, झालर. बराच वेळ पाहत राहिल्या. मग विचारलं, "एवढ्यात किती माणसं?" मुलगी म्हणाली, "पाच-सहा असायची." वहिनी म्हणाल्या, "मग तुमची बोट म्हणजे वाडाच की!"

परत आल्यापासून वहिनी गावात उघडपणे सांगतात की माझी लेक बोटीत राहते. थंडीतलं त्यांना अजून पटलेलं नाही. नळ गोठतो, काठावर चिखल होतो, आणि रात्रपाळीहून येताना पोरीला अंधारात काठानं यावं लागतं. उद्या मूल झालं तर त्याची शाळा कशी करणार, हेही त्या विचारतात. तिकडच्या फिरत्या बोटींवरच्या आईबापांना तोच प्रश्न आजही आहे. पुतणी म्हणते, तेव्हा कायमचा धक्का घेऊ. धक्क्याचं भाडं किती, ते मी विचारलं नाही.

दर रविवारी फोन येतो. बोलणं झालं की वहिनी चष्मा लावून एका जुन्या वहीत तारीख आणि पुलाचा आकडा लिहितात. लेक आता कुठे आहे ते त्यावरून त्यांना कळतं. गेल्या रविवारी मी बघितलं तेव्हा ९४ लिहिलेलं होतं.